अडीअडचणीचा दांडा

सोमवार, १४ जानेवारी १९३५

तसू की इंच? तसू की इंच?

दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. अब्बांचा गज तसूंचा, बोट बांधणाऱ्या एदलजीशेठांची पट्टी इंचांची, आणि काल देवळालीला मी नेमकी कोणती लावली ते वहीत लिहिलंच नाही! आकडे सगळे आहेत. खुंटाचं डोकं पावणेदोन, खोली तीन, दांड्याची लांबी बावीस. पण बावीस काय? तसू जरा मोठा. बाविसात दोन-तीन बोटांचा फरक पडेल आणि दांडा चाकावर आपटेल!

अम्मीला सांगितलं. "पहले खाना खा," म्हणाली. जणू जेवण झालं की तसूचा इंच होतो.

मग भाकरी मोडताना आठवलं — पट्टी हाताला गार लागली होती. पितळेची! अब्बांचा गज लाकडाचा. म्हणजे इंच. अल्लाचा शुक्र! उठून प्रत्येक आकड्यापुढे "इंच" लिहिलं. मग वाटलं, मागाहून लिहिलेलं ते खोटं तर नव्हे? म्हणून समासात लिहिलं : "हा शब्द दुसऱ्या दिवशी घातला आहे." आता बरं वाटतं.

मंगळवार, १५ जानेवारी

सगळं नीट लिहून ठेवते, म्हणजे डोकं जाग्यावर राहील. शाळेत गेलेली घरातली मी पहिली. मराठी सातवी झाले. ही वही उंबऱ्यावर उघडी पडली तरी वाचणारं घरात कोणी नाही, हा एक फायदा.

एदलजीशेठ पारशी. चाळीस वर्षं आगबोटींच्या इंजिनाशी काढली. छातीच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी हवा बदलायला देवळालीला धाडलं, तर इथे येऊन बंगल्याच्या आवारात शिडाची बोट बांधायला घेतली! समुद्र घाटाखाली, आणि बोट आंब्याखाली. चोवीस फुटांची आहे. आत झोपायला फळ्या, चहाला चूल. आधी दारणा धरणावर चालवून बघणार, मग मुंबईला नेऊन तिथून सिलोन. त्यांच्या बायको मानेकबाई व्हरांड्यात बसतात त्या बोटीकडे पाठ करून.

ही बोट चाकाने वळते. चाक फिरवलं की फळ्यांखालून गेलेल्या तारा ओढल्या जातात आणि मागचं सुकाणू हलतं. पण भर समुद्रात तार तुटली तर? तेव्हासाठी एक दांडा लागतो. सुकाणूचा लोखंडी खुंट मागे वर आलेला असतो, त्याचं डोकं चौकोनी. दांड्याची लोखंडी टोपी त्यावर बसवायची आणि हातानेच सुकाणू फिरवायचं. अडीअडचणीचा दांडा. तो करायचं काम अब्बांना मिळालं आहे.

अब्बा म्हणजे दूधबाजारातले बद्रुद्दीन मिस्त्री. तीस वर्षं टांगे बांधतात. बोट त्यांनी कधी पाहिलेली नव्हती. पण "लकडी लकडी है," म्हणाले.

आता खरी गोष्ट. ईदला मालेगावहून माजिदाफुफी आल्या होत्या, अब्बांच्या थोरल्या बहीण. मला त्यांच्या मुलासाठी मागताहेत. मुलगा वाईट नाही. मागावर बसतो, कमी बोलतो. पण तिथे गेले की मापं, आकृत्या, वही, सगळं मिटलं. फुफी म्हणाल्या, "सात इयत्ता पढली, आता काय मामलेदार होणार?" त्यावर अब्बा जे म्हणाले ते मी दाराआडून ऐकलं. (चोरून ऐकणं वाईट. पण ऐकलं.)

"पारशाचं काम उतरू दे, आपा. जहिदाच्या मापावर नीट उतरलं, तर ती कारखान्यातच राहील, माझी मापं लिहील. नाही उतरलं, तर तुम्ही म्हणाल ती तारीख."

बावीस इंचांवर सगळं आहे!

सोमवार, २१ जानेवारी

बाभळीचं लाकूड मिळालं. जन्मतःच वर वाकलेलं! अब्बा त्याच्याकडे लाडक्या बैलाकडे पाहावं तसे बघतात.

गुरुवार, २४ जानेवारी

माझी आकृती लोहाराकडे गेली. अब्बांनी ती स्वतःच्या हाताने नेली — फडक्यात गुंडाळून. लोहार म्हणे बराच वेळ डोकं खाजवत होता. अब्बा त्याला म्हणाले, "तुला काय कळतंय? लिखा हुआ है."

हे मला फारुखभाईंनी सांगितलं. ते माझे मोठे भाऊ, स्टेशनावर टांगा हाकतात. ऐकून छाती भरून आली.

रविवार, २७ जानेवारी

देवळालीला गेले, फारुखभाईंच्या टांग्यातून. एदलजीशेठांनी दांड्याची रीत समजावली. दांडा उजवीकडे ढकलला की बोट डावीकडे जाते. डावीकडे ढकलला की उजवीकडे. उलटं! मी तीनदा विचारलं. तीनदा तेच सांगितलं. चौथ्यांदा विचारायचं धाडस झालं नाही, म्हणून मानेकबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला विचारू नको डिकरी, मी जमिनीवर राहते."

फारुखभाई म्हणाले, "असा घोडा मी त्याच दिवशी विकीन."

शुक्रवार, १ फेब्रुवारी

बोट मोटार लॉरीवरून धरणाकडे गेली. सबंध देवळाली रस्त्यावर! दांडा उद्या तयार होईल. मी म्हटलं, आधी खुंटावर बसवून बघायला हवा होता. एदलजीशेठ म्हणाले, "जमिनीवर कसली परीक्षा? पाण्यावर लावू." अब्बाही म्हणाले, पाण्यावर.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

या अल्ला.

आकृतीची स्वच्छ नक्कल काढायला बसले होते. शेठांना द्यावी म्हणून. जुन्या आकृतीत खुंटाच्या बाजूला एक नागमोडी रेघ दिसली. ही काय? दोरी! मी दोरीसुद्धा काढली होती. का? तर ती तिथे होती म्हणून! वाऱ्याने सुकाणू आपटू नये म्हणून शेठांनी ते एका बाजूला ओढून बांधलं होतं. डाव्या बाजूला.

म्हणजे मी माप घेतलं तेव्हा सुकाणू वळलेलं होतं. म्हणजे चौकोनही वळलेला. मला तो तिरपा दिसला आणि मी तिरपा काढला. जसा दिसला तसा, केसाचाही फरक न करता! आणि त्या तिरप्या चौकोनावर सरळ बसणारा दांडा अब्बांनी केला.

आता सुकाणू सरळ असेल तेव्हा दांडा तिरपा बसेल. डावीकडे, थेट बाकाच्या फळीला टेकून.

काड्यापेटी आणि लाटण्याने करून पाहिलं. चार वेळा. तिरपाच.

तीन आठवडे इंच-इंच करत बसले. इंच बरोबरच होते!

बुधवार, ६ फेब्रुवारी

सांगायला कारखान्यात गेले. दांडा तेल पाजून मध्ये ठेवलेला, भोवती निम्मा दूधबाजार. अत्तरवाले, कासार, दोन टांगेवाले. अब्बा सांगत होते, "हे काम टांगेवाल्याचं नाही, हे लिहून-वाचून केलेलं काम आहे." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "अम्मीनं डबा विचारलाय." डबा त्यांच्या शेजारीच होता.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

अम्मीला सांगितलं. "दांडा वाकडा आहे."

"वाकडाच तर आहे! लोक म्हणतात काय सुरेख वाक आहे!"

"तो वाक नाही अम्मी, तो वर आहे, हा बाजूला—"

"वर काय, बाजूला काय. चाय बनव."

खरं लिही, जहिदा. संधी मिळत नाही, की सांगायचंच नाही? सांगितलं तर मालेगाव. नाही सांगितलं तरी मालेगाव, फक्त तीन दिवसांनी, रविवारी धरणावर दांडा लावतील तेव्हा. शिवाय पाप. हिशेबाने सांगणंच बरं. मग तोंड का उघडत नाही?

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

फुफी आल्या. बरोबर हिरव्या रेशमाचा तागा. "अच्छा मौका है," म्हणाल्या, "मीही येते बोट बघायला."

शनिवार, ९ फेब्रुवारी

फारुखभाईंना सगळं सांगितलं, लाटणं-काड्यापेटीसकट. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "घोडा तरी कुठे सरळ चालतो? लगाम खेचत राहायचा." आणि अब्बांना सांगणार नाही अशी शपथ घेतली. मी ती मागितली नव्हती!

रविवार, १० फेब्रुवारी

हात अजून दुखताहेत. पण आजचं आजच लिहिते.

सकाळच्या गाडीने अस्वली स्टेशन, पुढे बैलगाडी. धरण काठोकाठ नाही तरी चांगलं भरलेलं. बोट पाण्यात इतकी लहान दिसत होती! काठावर अम्मी आणि फुफी चादर अंथरून, डबे मध्ये. मानेकबाई छत्री घेऊन — पाठ पाण्याकडे.

तिथे मंगळू नावाचा मासे धरणारा आपल्या ओंडक्यांच्या तराफ्यावर उभा होता. पंचा, हातात बांबू. त्याने बोट पुढून मागून पाहिली.

"शेठ, ह्ये चाक कशाला?"

"वळवायला."

"आन् ह्यो दांडा?"

"चाक मोडलं तर."

"आन् दांडा मोडला तर?"

"तर तू आहेस की!" एदलजीशेठ हसले.

"माझ्याकडं बांबू हाय," मंगळू म्हणाला. "त्यो मोडला तर काठावर लय बांबू हाय." आणि आपल्या जाळ्यांकडे निघून गेला.

बोटीत चौघं. शेठ, अब्बा, फारुखभाई आणि मी. मी का, तर शेठ म्हणाले, "जिने लिहिलं तिने समोर असायला हवं." शीड भरलं. बोट अशी गेली, अशी गेली, की दोन घटका मी दांडा विसरले! शेठ चाक एका बोटाने फिरवत होते. अब्बांनी दोन्ही हातांनी बाक धरलं होतं आणि ते बाकाची सुतारकी तपासताहेत असं दाखवत होते.

मध्यावर आल्यावर शेठ म्हणाले, "आता समजा, तार तुटली!" आणि वाकून तारेची खीळ स्वतःच उपसली. खीळ त्यांच्या बोटांतून उडाली, बोटीच्या कडेवर एकदा वाजली आणि पाण्यात गेली. डुबुक.

शेठ पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आता समजायची गरज नाही."

अब्बांनी दांडा बसवला. काय बसला! टोपी खुंटावर अशी उतरली की आवाजसुद्धा नाही. अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. कारण दांड्याचं टोक डावीकडे जाऊन फारुखभाईंच्या गुडघ्याला आणि बाकाच्या फळीला चिकटलं होतं, आणि बोट मात्र सरळ चालली होती. सरळ मंगळूच्या जाळ्यांवर!

"उजवीकडे घे!" शेठ ओरडले.

फारुखभाईंनी दांडा उजवीकडे ओढला. टांगेवालाच तो! बोट डावीकडे वळली. ते घाबरून म्हणाले, "या अल्ला, उलटी!" आणि परत डावीकडे रेटला. फळीला अडला. बोट पुन्हा सरळ. आता जाळ्यांचे बांबू मोजता येत होते. मंगळू तराफ्यावर उभा राहून दोन्ही हात हलवत होता. "ओ शेठ! ओ! जाळं हाय! जाळं!"

तेव्हा माझं तोंड उघडलं. पाच दिवस अब्बांसमोर उघडलं नाही ते.

"अब्बा, चूक माझी आहे! मंगळवारपासून मला माहीत आहे! सुकाणू बांधलेलं होतं, दोरीने, डाव्या बाजूला, आणि मी चौकोन तिरपा काढला, आणि बुधवारी मी डब्याचं खोटं बोलले—"

"डिकरी!" शेठ ओरडले. "कबुली मागून! अगोदर जाळं!"

मी फारुखभाईंना ढकललं (मोठ्या भावाला!) आणि दांडा दोन्ही हातांनी उजवीकडे लोटला. बोट डावीकडे वळली. वळतच गेली. "खाली!" शेठ ओरडले, आणि शिडाखालचं आडवं लाकूड डोक्यांवरून सणकन पलीकडे गेलं. आम्ही वाकलो. अब्बांची टोपी वाकली नाही. ती पाण्यात गेली.

जाळं वाचलं. मंगळूपासून दोन हातांवरून गेलो.

आता काठाला कसं जायचं? बोटीला दोनच गोष्टी येत होत्या : सरळ जाणं आणि डावीकडे वळणं. काठ उजवीकडे! मी म्हटलं, शेठ, डावीकडून जवळजवळ पूर्ण फेरी मारली तर तोंड उजवीकडे होईल. शेठ बघतच राहिले. म्हणाले, "मार."

मारली. वाकलो. थोडं सरळ गेलो. वारा ढकलायचा, तोंड फिरायचं. पुन्हा फेरी. पुन्हा वाकलो. मंगळू मागून तराफा हाणत ओरडत होता, "ओ बाई, उजवीकडं घ्या की!"

"उजवीकडे जात नाही!"

"मंग आणली कशाला?"

सात फेऱ्या मोजल्या. तिसऱ्या फेरीपासून काठावर टाळ्या ऐकू यायला लागल्या. गावातल्या लोकांना वाटलं, खेळच आहे. पाचव्या फेरीला अब्बा शेठांच्या आधी "खाली!" म्हणाले. सातवीनंतर बोट फुफींच्या चादरीपासून चार हातांवर चिखलात रुतली.

मी उतरले. फुफी डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "घाण्याचा बैलही गोल फिरतो. त्याला कोणी शाळेत घालत नाही."

एदलजीशेठ मात्र चिखलात उभे राहून हसत होते. खोकला येईपर्यंत हसले. अब्बांना म्हणाले, "मिस्त्री, चाळीस वर्षं बोटींवर होतो. अडचणीचा दांडा सगळीकडे बघितला, भिंतीला टांगलेला, रंग दिलेला. एकदाही कोणी लावून बघितला नाय! माझा चुकीचा हाय हे मला आज कळलं, सिलोनच्या वाटेवर नाय. दुसरा करा. आणि माप हीच पोरगी घेईल."

मानेकबाई वळल्या. बोटीकडे पहिल्यांदाच बघितलं. "बुडली नाही?" म्हणाल्या. आवाजात जरा निराशा होती.



सोमवार, ११ फेब्रुवारी

अब्बांनी नवी टोपी आणली नाही. डोक्याला रुमाल बांधून कारखान्यात गेले. बाजारात कोणी विचारलं तर म्हणे मान हलवतात. हो म्हणून की नाही म्हणून, कोणाला कळत नाही.

दोनदा माफी मागितली. दोनदा म्हणाले, "ठीक है."

मंगळवार, १२ फेब्रुवारी

फुफी मालेगावला गेल्या. हिरवा तागा इथेच ठेवून! जाताना अब्बांना म्हणाल्या, "बकरी ईदनंतरची तारीख खताने कळव. जबान दिली होतीस."

पत्र घरात कोण लिहितं? मी. माझी तारीख मीच लिहायची!

बुधवार, १३ फेब्रुवारी

शाई पातळ झाली म्हणून सांगितलं. अब्बांनी नवी आणली.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

पत्राला बसले. अब्बा समोर मांडी घालून. पत्राखाली ते नेहमी अंगठा उमटवतात. त्याशिवाय पत्र खरं होत नाही म्हणतात.

राहवलं नाही. विचारलं, "अब्बा, दांडा तिरपा बसणार हे करताना तुमच्या लक्षात आलं नाही?"

"लोहारानं टोपी जोडली तेव्हाच आलं."

"मग सरळ का नाही केलात?"

"तू लिहिलं होतंस ना. मला वाटलं, लिहिण्यात काही असेल जे माझ्या डोळ्याला दिसत नाही."

मी टाक शाईत बुडवला. शेवटी विचारलं, "तारीख काय लिहू?"

त्यांनी अंगठ्याला शाई लावली, कागद स्वतःकडे ओढून खाली ठसा उमटवला आणि उठले. "तुला लिहायचं ते लिही. मला वाचून दाखवू नकोस."

कागद माझ्यासमोर आहे. वर सगळा कोरा. खाली अब्बांचा अंगठा.